शहराबाहेरची पहिली आकाशदर्शन सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर अशा शहरांत राहणाऱ्या आणि आयुष्यात एकदा तरी खरे काळेभोर आकाश पाहावे अशी इच्छा मनात धरून असलेल्या कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. आकाशदर्शनाला पहिल्यांदा निघणारी मंडळी दुर्बीण कोणती घ्यावी या विचारात आठवडेच्या आठवडे घालवतात आणि तिथी मात्र पाहायची राहून जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून पुढील उत्तरांत तिथी, जागा आणि अंधार यांना सर्वांत अधिक जागा दिली आहे. या तीन गोष्टी घरी असतानाच नीट ठरवल्या, तर हाती कोणतेही साधन नसले तरी रात्र भरून पावते.

आमच्या गच्चीवरून तीस-चाळीस तारे दिसतात. शहराबाहेर गेल्याने खरोखर किती फरक पडतो?

मोकळ्या आणि पुरेशा अंधाऱ्या माळावरून निरोगी डोळ्यांना एका वेळी साधारण अडीच ते तीन हजार तारे दिसू शकतात. शहरात हे तारे दिसत नाहीत, याचे कारण त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही असे मुळीच नाही. रस्त्यावरचे दिवे, जाहिरातींचे फलक आणि इमारतींवरचे झोत यांचा वर जाणारा उजेड हवेतील धूळ आणि बाष्प यांच्यावर पडून विखुरतो, त्यामुळे आकाशाची पार्श्वभूमीच उजळते आणि मंद तारे तिच्यात बुडून जातात. पाटी पांढुरकी झाली की तिच्यावरचे खडूचे अक्षर दिसेनासे होते, तसाच हा प्रकार आहे.

आकाश किती अंधारे आहे हे सांगण्यासाठी जॉन बॉर्टल या अमेरिकन हौशी निरीक्षकाने २००१ साली नऊ पायऱ्यांची एक श्रेणी मांडली. पहिली पायरी म्हणजे निखळ अंधार आणि नववी म्हणजे महानगराचा मध्यभाग. मुंबई-पुण्याच्या मध्यवस्तीत आपण आठव्या किंवा नवव्या पायरीवर असतो. पहिल्या सहलीसाठी पहिल्या पायरीचा हट्ट धरण्याची काहीच गरज नाही. चौथ्या पायरीपर्यंत पोहोचलात, तरी आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांना दिसू लागतो आणि शहरात वाढलेल्या माणसाला तेवढेही स्तब्ध करून टाकते.

सहलीचा दिवस कसा निवडावा?

संपूर्ण नियोजनातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. सुट्टीच्या सोयीने वार ठरवून मग तिथी पाहण्याऐवजी आधी तिथी पाहावी आणि तिच्या जवळचा शनिवार निवडावा.

माझ्या स्वतःच्या पहिल्या सहलीत नेमकी हीच चूक झाली. सर्वांना सोयीचा शनिवार ठरला, गाड्या ठरल्या, डबे भरले गेले, आणि त्या रात्री शुक्ल त्रयोदशी आहे याकडे आमच्यापैकी एकाचेही लक्ष गेले नाही. माळावर पोहोचलो तेव्हा प्रत्येकाची सावली गवतावर स्पष्ट पडलेली दिसत होती आणि पूर्ण गोल होत आलेला चंद्र डोक्यावर होता. बरोबरच्या मुलांना नकाशातली नक्षत्रे दाखवायची होती, ती चांदण्यात विरघळून गेली. शहरापासून सत्तर किलोमीटर दूर येऊनही आम्ही जवळजवळ शहरातलेच आकाश पाहून परतलो.

या बाबतीत मराठी घराला एक मोठी सोय उपलब्ध आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक चौकोनात तिथी छापलेली असते आणि संकष्टी चतुर्थीला तर चंद्रोदयाची वेळही दिलेली असते. ही वेळ बहुधा रात्री साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान येते. त्यानंतर चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. यावरून साधा हिशेब मांडता येतो : कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि कृष्ण दशमीला पहाटे दोनच्या आसपास. शुक्ल पक्षात हेच उलट होते. तृतीयेची कोर रात्री साडेआठच्या सुमारास मावळून जाते, तर शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आकाशात राहतो.

म्हणून रात्रभर थांबायचे असेल तर कृष्ण दशमी ते शुक्ल तृतीया हा काळ निवडावा. जेवणाच्या वेळी पोहोचून अकराच्या सुमारास परत फिरायचे असेल, तर कृष्ण सप्तमीनंतर शुक्ल तृतीयेपर्यंतची कोणतीही रात्र चालते. अमावास्येच्या पुढे-मागे येणारे दोन शनिवार तपासले की त्यांतला एक तरी बहुधा हाताशी लागतो.

घरातील वडीलधारी मंडळी अमावास्येच्या रात्री बाहेर पडू देत नाहीत. काय करावे?

वाद घालू नये. ज्या काळी वाटेवर दिवा नव्हता, त्या काळी चांदणे नसलेल्या रात्री प्रवास टाळणे हा शहाणपणाच होता आणि तो संकेत घराघरांत टिकून राहिला. आकाशदर्शनासाठी नेमकी अमावास्याच हवी असे काही नाही. कृष्ण द्वादशी किंवा त्रयोदशीला चंद्र थेट पहाटे उगवतो, तेव्हा अंधाराच्या दृष्टीने ती रात्र अमावास्येइतकीच उत्तम असते. आजी-आजोबांच्या मनाला स्वस्थता देऊन निघालेली सहल अधिक आनंदाची होते आणि पुढच्या वेळी तेही सोबत येतात, हा माझा अनुभव आहे.

वर्षातील कोणते महिने चांगले?

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा काळ ढगांचा असल्याने सोडून द्यावा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम असतो. पावसाने धूळ धुऊन नेलेली असते, रात्री मोठ्या असतात आणि आकाशातील सर्वांत तेजस्वी तारे याच दिवसांत संध्याकाळी वर येतात. मार्चपासून हवेत धूळ आणि धूसरपणा वाढत जातो, पण ढग नसतील तर एप्रिलच्या रात्रीही सुंदर असतात.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल एक सूचना. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असल्याने ती योग्य वाटते, परंतु त्या दिवसांत फटाक्यांचा धूर शहरांभोवती बराच काळ साचून राहतो आणि गावागावांत रोषणाई असते. त्यापेक्षा पुढची, म्हणजे कार्तिकातली अमावास्या पाहावी.

आकाशगंगेचा सर्वांत दाट आणि तेजस्वी भाग वृश्चिक आणि धनू या राशींच्या परिसरात आहे. तो संध्याकाळी आकाशात उंच येतो नेमका पावसाळ्यात. म्हणून तो पाहायचा असल्यास मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठावे लागते. हिवाळ्यात मृगाच्या बाजूने जाणारा आकाशगंगेचा पट्टा दिसतो, पण तो फिकट असतो. याची कल्पना नसल्यास डिसेंबरात गेलेली मंडळी निराश होतात.

उल्कावर्षावांपैकी मिथुन राशीचा उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री भरात असतो आणि आपल्या हवामानात तो सर्वांत भरवशाचा आहे. ऑगस्टमधला ययाती (पर्सियस) तारकासमूहाचा उल्कावर्षाव जगभर गाजतो, आपल्याकडे मात्र तो बहुधा ढगांआड जातो.

जागा कशी शोधावी? पुणे, मुंबई, नागपूर येथून कुठे जाता येईल?

अंतरापेक्षा दिशेचा विचार आधी करावा. आपल्या अक्षांशावरून पाहण्यासारखे पुष्कळसे वैभव दक्षिण आकाशात आहे, म्हणून शहराचा उजेड आपल्या पाठीशी, म्हणजे उत्तरेला राहील आणि दक्षिण मोकळी मिळेल अशी जागा उत्तम. पुण्याहून भोर किंवा वेल्ह्याच्या बाजूला गेल्यास हे सहज साधते, कारण पुण्याची प्रभा उत्तर-ईशान्येला राहते. शहराच्या उत्तरेला तेवढेच अंतर गेलात, तर तीच प्रभा नेमकी दक्षिण क्षितिजावर येते आणि खाली असलेले तारे गिळून टाकते. एक काळजी मात्र घ्यावी : सह्याद्रीच्या ऐन कुशीतली जागा रम्य असली तरी समोरचा डोंगर वीस-पंचवीस अंश आकाश झाकून टाकतो. दरीपेक्षा पठार किंवा माळ बरा. दरीत हिवाळ्यातले धुकेही उतरते.

मुंबईकरांसाठी मुरबाडच्या पुढे माळशेजच्या दिशेने किंवा भंडारदऱ्याच्या परिसरात चांगला अंधार मिळतो. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राच्या बाजूला वस्ती नसल्याने पश्चिम क्षितिज काळे असते, पण हवेतल्या बाष्पामुळे क्षितिजालगतचे तारे मंदावतात. जुन्नर परिसरातील अंधाराची साक्ष म्हणजे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण तिथल्या गिरवलीच्या डोंगरावर उभारली आहे. मात्र संशोधनासाठी असलेल्या अशा वेधशाळेत पूर्वपरवानगीशिवाय रात्री जाता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याच पट्ट्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ती ताऱ्यांचा उजेड पाहत नाही, रेडिओ लहरी टिपते, त्यामुळे तिथे जाऊन डोळ्यांनी दुर्बिणीतून पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

नागपूरकर या बाबतीत भाग्यवान आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेले हे भारतातील पहिले ठिकाण आहे. त्यासाठी परिसरातील गावांमधले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली, जमिनीकडेच पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. गावाला दिवे हवेत आणि आकाशालाही अंधार हवा, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे तिथे जाऊन प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे.

जागा निश्चित करण्यापूर्वी शक्य असल्यास एकदा दिवसाउजेडी जाऊन यावे. जागा खासगी असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. वनखात्याच्या हद्दीत आणि संरक्षित किल्ल्यांवर सूर्यास्तानंतर थांबण्यास सहसा मनाई असते, तिथे न विचारता राहू नये.

शेतघरात किंवा कृषी पर्यटन केंद्रात राहिलो तर चालेल का?

उत्तम चालेल आणि कुटुंबासाठी मी तेच सुचवेन. स्वच्छतागृह, पाणी, आडवे होण्यासाठी खोली या सोयी हाताशी राहतात. आरक्षण करताना एकच प्रश्न आवर्जून विचारावा : “रात्री नऊनंतर अंगणातले आणि फाटकावरचे दिवे बंद ठेवता येतील का?” पन्नास किलोमीटरवरच्या शहरापेक्षा पन्नास फुटांवरचा एक पांढरा दिवा अधिक नुकसान करतो.

भोरच्या बाजूला एका घरी आम्ही उतरलो होतो. यजमान काकांनी जेवणे उरकल्यावर पडवीतला दिवा मालवला, मग गोठ्यातला, आणि शेवटी मोटारीच्या खांबावरचा दिवा बंद करायला ते स्वतः बांधापर्यंत चालत गेले. तो शेवटचा दिवा गेला त्या क्षणी अंगणातल्या सगळ्यांचे बोलणे आपोआप थांबले. काकू हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, “रोज इथंच असतं की हे. दिव्यापायी बघणंच सुटलं.” त्यानंतर मृगाच्या पोटातला बाण मुलांना दाखवला तो त्यांनीच.

स्वतंत्रपणे जावे की एखाद्या संस्थेबरोबर?

पहिल्या वेळी शक्यतो जाणत्या मंडळींबरोबर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत असून हौशी खगोल अभ्यासकांच्या देशातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी ती एक आहे. मुंबईतील खगोल मंडळाचे कार्यकर्ते मध्य रेल्वेवरील बदलापूर आणि नेरळ यांच्यामधल्या वांगणीला अनेक वर्षे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम करत आले आहेत. कितीतरी मुंबईकरांनी आपली पहिली आकाशगंगा लोकलने जाऊन पाहिली, ती यांच्यामुळेच. अशा कार्यक्रमांत जागेची पारख झालेली असते, दुर्बिणी असतात, आणि “तो बघा, त्या झाडाच्या शेंड्यावरचा” असे सांगणारा माणूस शेजारी असतो. पुस्तकावरून आठ दिवसांत जे कळत नाही, ते या एका वाक्याने कळते.

त्यासाठी दुर्बीण विकत घ्यावी का?

पहिल्या सहलीसाठी घेऊ नये. खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या, खोक्यावर भरमसाठ वर्धन (वस्तू किती पट मोठी दिसते तो आकडा) छापलेल्या दुर्बिणी तर कधीच घेऊ नयेत. त्यांचा तिपाई स्टँड इतका डळमळीत असतो की चंद्र सोडून काहीही दृष्टीत ठरत नाही, आणि मुलाचा उत्साह तिथेच मावळतो.

काही न्यायचेच असेल तर द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर न्यावा. ७ × ५० किंवा १० × ५० या मापाचा बायनॉक्युलर उत्तम. पहिला आकडा वर्धनाचा आणि दुसरा पुढील भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा असतो. यातून कृत्तिकांचा गुच्छ, मृगातला तेजोमेघ (नेब्युला), देवयानी दीर्घिका (गॅलेक्सी) आणि हात स्थिर असल्यास गुरूचे चंद्र दिसतात. शनीची कडी मात्र त्यातून दिसत नाहीत, त्यासाठी दुर्बीणच लागते. एक इशारा गांभीर्याने द्यावासा वाटतो : सकाळी आवराआवर करताना कोणीही, विशेषतः मुलांनी, दुर्बिणीतून किंवा बायनॉक्युलरमधून सूर्याकडे क्षणभरही पाहता कामा नये. डोळा कायमचा जाऊ शकतो.

बरोबर काय काय घ्यावे?

आकाशदर्शनात माणूस तासन् तास हालचाल न करता बसतो किंवा पडून राहतो, त्यामुळे त्याच तापमानात चालताना वाजते त्याच्या दुप्पट थंडी वाजते. पुण्या-मुंबईची माणसे डिसेंबर-जानेवारीत माळावर पातळ जॅकेट घालून येतात आणि अकरा वाजता गाडीत जाऊन बसतात. स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि एक जाड घोंगडी किंवा रजई इतके तरी हवेच. जमिनीवर आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी अंथरावी. मध्यरात्रीनंतर दव इतके पडते की सतरंजीच्या कडा पिळून पाणी काढता येते आणि कागदी नकाशा हातात लगदा होतो. नकाशा पारदर्शक पिशवीत घालून ठेवावा. तारीख आणि वेळ जुळवून फिरवता येणारी नकाशाची चकती मिळाली तर ती सर्वांत सोयीची.

मान मोडून उभ्याने पाहण्यापेक्षा पडून पाहणे केव्हाही चांगले. थर्मासमध्ये चहा, रात्री दोनला भूक लागते म्हणून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा चिवडा, आणि पुरेसे पाणी घ्यावे. डास असतील तर अंगाला लावायचे मलम घ्यावे, पण ते हाताला लागलेले असताना भिंगांना स्पर्श करू नये.

तिथे पोहोचल्यावर लगेच फार तारे दिसत नाहीत. असे का होते?

डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. बाहुली काही क्षणांतच मोठी होते, पण मंद प्रकाश टिपणाऱ्या डोळ्यांतील पेशींमधले रंगद्रव्य हळूहळू तयार होते. एकदा कोणी मोबाइलचा पडदा उघडला किंवा गाडीचे दार उघडून आतला दिवा लागला, की ते रंगद्रव्य झपाट्याने नाहीसे होते आणि पुन्हा पहिल्यापासून थांबावे लागते.

तांबड्या उजेडाने हे नुकसान फारच कमी होते. म्हणून निघण्यापूर्वी घरीच टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाच्या तीन-चार घड्या घालून रबर बँड लावून ठेवावा. कागद एकेरी लावला तर उजेड गुलाबी आणि प्रखर येतो. नकाशा वाचण्यापुरता, निखाऱ्यासारखा मंद लाल उजेड हवा. पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कोणालाही काहीही दाखवण्याची घाई न करता सर्वांनी नुसते पडून राहावे, मोबाइल एका पिशवीत गोळा करावेत.

अगदी मंद वस्तू पाहताना तिच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवावी. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात, त्यामुळे तिरक्या नजरेने ती वस्तू अधिक स्पष्ट होते.

पहिल्या रात्री नेमके काय पाहावे?

जानेवारीच्या मध्यावरची रात्र धरून सांगतो. सूर्य मावळल्यानंतर पूर्ण काळोख पडण्यास आपल्याकडे साधारण सव्वा तास लागतो, म्हणजे साडेसातच्या सुमारास सुरुवात करता येते.

आधी पूर्वेकडे पाहावे. चौकोनाचे चार तारे आणि मध्ये एका रेषेत तीन तारे असलेले मृग नक्षत्र कोणालाही चुकवता येत नाही. आपल्याकडच्या कथेप्रमाणे हे तीन तारे म्हणजे हरिणाच्या पोटात घुसलेला बाण. त्या बाणाची रेषा खाली आग्नेयेकडे वाढवली की तो मारणारा व्याध भेटतो. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा आपल्यापासून सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. तीच रेषा उलट दिशेने वर नेली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका लागतो. कृत्तिकांमधले किती तारे मोजता येतात, याची मुलांमध्ये शर्यत लावावी. मृगाच्या चार कोपऱ्यांपैकी तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य यांच्या रंगांतला फरक शांतपणे पाहावा. तारे रंगीत असतात, हे पुष्कळांना त्या रात्रीच प्रथम कळते.

त्यानंतर वायव्येला उंचावर शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी ‘एम’सारखा आकार शोधावा आणि त्याच्या आधाराने देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका. डोळ्यांवर पडणारा तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला असतो. नुसत्या डोळ्यांनी सहज पाहता येणारी याहून दूरची दुसरी वस्तू नाही.

आणि सव्वाअकराच्या सुमारास एक गोष्ट आवर्जून करावी, जी पुण्याच्या अक्षांशावर फारच सुंदर जमून येते. उत्तरेला ध्रुवतारा शोधावा. तो क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतक्या, म्हणजे साडेअठरा अंशांच्या उंचीवर असतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, म्हणजे ध्रुवतारा जवळजवळ दोन मुठी वर. आता पाठ फिरवून ठीक दक्षिणेला पाहावे. तिथे, पुन्हा जवळजवळ तेवढ्याच उंचीवर, अगस्त्य हा आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा त्या वेळी आपल्या सर्वोच्च स्थानी असतो. उत्तरेला मंद पण अढळ ध्रुव आणि दक्षिणेला झळाळणारा अगस्त्य, आणि मधोमध आपण. लंडनला किंवा न्यूयॉर्कला अगस्त्य कधी उगवतच नाही, हे तिथे राहणाऱ्या नातेवाइकांना जरूर कळवावे.

जागे राहिलात तर मध्यरात्रीपर्यंत ईशान्येला सप्तर्षी पूर्ण वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीतल्या वसिष्ठाजवळ अरुंधती दिसते का, हे पाहावे. एकच्या पुढे चित्रा आणि स्वाती उगवलेल्या असतात आणि चारच्या सुमारास आग्नेय क्षितिजावर तांबडी ज्येष्ठा येते. एका रात्रीत अर्ध्याहून अधिक नक्षत्रचक्र डोळ्यांसमोरून सरकते.

लहान मुलांना नेता येईल का?

सहा-सात वर्षांच्या पुढे अवश्य न्यावे. मात्र मुलांना दुपारी झोपवून घ्यावे आणि दहानंतर झोपू द्यावे. पहाटे चारला उठवून दाखवलेले दहा मिनिटांचे आकाश त्यांच्या अधिक लक्षात राहते.

साप, विंचू, बिबट्या यांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

ही भीती रास्त आहे आणि तिचा विचार झालाच पाहिजे. घोणस आणि मण्यार हे दोन्ही विषारी साप रात्री फिरतात. अंधारात चप्पल घालून चालू नये, घोट्यावर येणारे बूट घालावेत आणि चालताना पायांपुढे उजेड धरावा. तिथे लाल टॉर्चचा आग्रह धरू नये, साधा पांढरा टॉर्च लावावा. डोळ्यांची सवय मोडली तर पुन्हा होईल. उंच गवत, दगडांचे ढीग आणि पालापाचोळा यांपासून दूर, मोकळ्या कापलेल्या जागेवर बसावे. पहाटे बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. रुग्णाला धीर देऊन, दंश झालेला अवयव हलू न देता, अंगठी-घड्याळ काढून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि तिथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे जागा ठरवतानाच विचारून ठेवावे.

जुन्नर, आंबेगावच्या पट्ट्यात उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. तिथे शेताच्या कडेला पथारी टाकू नये, मुलांना घोळक्यातून बाजूला जाऊ देऊ नये आणि गावकऱ्यांनी “इथे थांबू नका” असे सांगितल्यास निमूटपणे जागा बदलावी.

मोबाइलवर फोटो येतील का?

हल्लीच्या पुष्कळ मोबाइलमध्ये रात्रीच्या छायाचित्रणाची सोय असते. मोबाइल तिपाईवर घट्ट बसवून दहा-पंधरा सेकंदांचा फोटो घेतल्यास मृग नक्षत्र छान येते. छायाचित्रांत दिसणारी जांभळी-गुलाबी आकाशगंगा मात्र दीर्घकाळ प्रकाश साठवल्याने दिसते. डोळ्यांना ती राखाडी-पांढरी, विरळ ढगासारखीच दिसणार. पहिल्या रात्री फोटो शेवटच्या तासासाठी राखून ठेवावेत.

ढग आले तर?

थांबावे. हिवाळ्यातले ढग अनेकदा तासा-दोन तासांत सरकतात. परतीचा निर्णय मात्र झोपेत गाडी चालवण्याची वेळ येणार नाही असा घ्यावा. रात्रभर जागलेल्या माणसाने सकाळी दोन-तीन तास झोपल्याशिवाय घाटात गाडी घालू नये.

दुसऱ्यांदा केव्हा जावे?

प्रत्येक तारा दररोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तासांचा फरक पडतो. जानेवारीत जे आकाश मध्यरात्री दिसले, ते एप्रिलमध्ये दिवस मावळताच समोर येते. म्हणून दुसरी सहल एप्रिलअखेरच्या अमावास्येच्या आसपास, त्याच जागी करावी. तोवर त्या जागेचा रस्ता, झाडे आणि दिव्यांची बटणे ओळखीची झालेली असतात. साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम एक मूठ वर, चार ताऱ्यांचा त्रिशंकू हा छोटा तारकासमूह शोधावा. जानेवारीत अगस्त्य ज्या झाडावर दिसला होता, तेच झाड त्या वेळी दिशा दाखवायला उपयोगी पडते.